सम-विषम तारखांचा न्याय

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘मुलं किती असावीत?’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘भावंडांची भांडणं’. संयोजकांना मी म्हटलं होतं, क्रम उलटा करा. कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण दुसऱ्याकडे बघूनच ठरवतात. ‘एकुलतं एक हट्टी होतं, त्याला सोबत हवी’ म्हणून दुसरं होऊ देतात, नाहीतर ‘आम्ही भावंडं इतकी भांडायचो, नको रे बाबा’ म्हणून एकावर थांबतात. छापलेला क्रम काही बदलला नाही, बोलताना मात्र मी तो बदलणार आहे. आकड्यावर येणार आहे, काळजी नको.

आधी एक चाचणी. घरात थोरले असाल तर हात वर करा. बरं. धाकटे? आणि मधले? बघा, मधल्यांनी आधी इकडे-तिकडे पाहिलं, मग हात वर केले. (हशा) हसलात, म्हणजे पटलं! थोरलं जबाबदार, मधलं बिचारं, धाकटं लाडोबा. ही वाटणी आपण इतकी पाठ केलीय की माणूस भेटल्यावर दहा मिनिटांत ‘तुम्ही थोरले ना?’ असं ओळखून दाखवतो, आणि चुकलो तर ते विसरून जातो. २०१५ साली यावर दोन मोठे अभ्यास आले. एकात अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतले वीस हजारांवर लोक होते, दुसऱ्यात अमेरिकेतली पावणेचार लाखांहून जास्त शाळकरी मुलं. जन्मक्रमाचा स्वभावाशी संबंध जवळजवळ शून्य निघाला. बुद्धिमापन चाचणीत थोरल्यांना किंचित जास्त गुण पडतात, एवढंच. तेवढ्यावरून कोणी घरी फोन करू नये.

मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे भावंडांचा विषय निघाला की मला आधी घरटी दिसतात. आफ्रिकेत व्हेरोचा काळा गरुड म्हणून एक पक्षी आहे. मादी सहसा दोन अंडी घालते. पिल्लं दोन-तीन दिवसांच्या अंतरानं बाहेर येतात आणि थोरलं धाकट्याला टोचायला लागतं. झिंबाब्वेतल्या एका घरट्यावर पाळत ठेवून टोचे मोजले गेले, तीन दिवसांत दीड हजारांहून जास्त. धाकटं मेलं. अशा घरट्यांतून बहुतेक वेळा एकच पिल्लू उडतं. खायला कमी असतं असंही नाही, बाजूला शिकार पडलेली असते. आई तिथेच उभी असते आणि मध्ये पडत नाही. (हशा) हे ऐकून काही पालकांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतंय, त्यांनी जरा थांबावं.

मग ती दुसरं अंडं घालते कशाला? अभ्यासकांचं म्हणणं असं की तो विमा आहे. पहिलं अंडं उबलं नाही तर दुसरं हाताशी असावं. ‘एकाला दोन असलेली बरी’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. गरुडांचंही तेच मत आहे.

पण सगळे पक्षी असे नसतात, आणि माझा मुद्दा इथे सुरू होतो. निळ्या पायांचा बूबी नावाचा समुद्रपक्षी आहे. त्याचं थोरलं पिल्लू धाकट्यावर दादागिरी करतं, पण बेतानं. संशोधकांनी पिल्लांच्या गळ्याला पट्टी लावून त्यांचं गिळणं थोडा काळ थांबवलं. थोरल्याचं वजन असायला हवं त्यापेक्षा वीस-पंचवीस टक्क्यांनी खाली आलं, तेव्हा त्याचा मारा एकदम वाढला. पोट भरलेलं असेपर्यंत तो नुसता रुबाब असतो. म्हणजे वैर अंड्यातून आणलेलं नाही, ते टंचाईप्रमाणे कमी-जास्त होतं.

जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७४ साली याचं गणित मांडलं. आईला दोन्ही पिल्लं सारखी, दोघांतही तिची निम्मी-निम्मी जनुकं. पिल्लाचा हिशेब वेगळा. ते स्वतःशी पूर्ण जोडलेलं, सख्ख्या भावंडाशी सरासरी निम्मं. त्यामुळे आई जिला रास्त वाटणी म्हणते, ती पिल्लाला आपल्यावरचा अन्याय वाटणार. दोघंही आपापल्या जागी बरोबर. माणसाच्या घरात जेवण-कपडे पुरेसे असले तरी एका गोष्टीची टंचाई कायम असते, ती म्हणजे आई-बापाचं लक्ष. मुलं भांडतात ती बहुतेक त्यावरून. खेळणं हे निमित्त.

आता आमच्या घरची गोष्ट. आमचे बाबा हिशेब तपासनीस होते. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. गाडीत मागच्या सीटवर आम्ही दोघं आणि मध्ये आजी. आजीला दार अंगावर आलेलं चालत नसे आणि एका खिडकीची काच कायमची अडकलेली, म्हणजे कामाची खिडकी एकच. गाडी निघायच्या आधी तिच्यावरून रणकंदन. बाबांनी एक दिवस निकाल दिला, विषम तारखेला दादा, सम तारखेला मी. लेखी. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, खाली सही. आई म्हणाली, ‘अहो, गाडी काय रोज निघते?’ तिचं म्हणणं कामकाजातून वगळण्यात आलं. (हशा)

काही महिने शांततेत गेले. मग मी भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन बसले. महिन्याची ३१ तारीख विषम. दुसऱ्या दिवशी १ तारीख, तीही विषम. दादाला लागोपाठ दोन दिवस खिडकी! मला लागोपाठ दोन दिवस कधीच नाही. ३१ दिवसांचे महिने सात. वर्षाला विषम तारखा १८६ आणि सम १७९. सात दिवसांचा घोटाळा, आणि तोही हिशेब तपासनिसाच्या घरात! मी कागदावर आकडेमोड करून बाबांपुढे ठेवली. बाबांनी चष्मा लावून ती तपासली आणि गंभीरपणे म्हणाले, ‘आक्षेप मान्य. पुढच्या वर्षी अदलाबदल.’ मी जिंकले. दादा कॅलेंडर घेऊन आत गेला आणि थोड्या वेळानं बाहेर आला. ‘पुढचं वर्ष लीप आहे. एकोणतीस फेब्रुवारी विषम. हिला आठ दिवस जास्त मिळणार.’ (मोठा हशा)

हसा, पण आमच्या घरी ते हसण्यावारी गेलं नाही. बाबांनी दुरुस्ती सुचवली, जाताना एक, येताना दुसरा. त्यावर दादाचं म्हणणं, येताना अंधार असतो, अंधारातली खिडकी ही खिडकी धरता येणार नाही. मग अंतर मोजायचं ठरलं, अर्ध्या रस्त्यात गाडी थांबवून जागा बदलायच्या. आजीनं जाहीर केलं की अर्ध्या रस्त्यात ती उतरणार-चढणार नाही. माझा आवडता भाग असा की या सगळ्या काळात खिडकीबाहेर कोणी बघितलंच नाही. दादा माझ्याकडे बघायचा, मी दादाकडे, आणि आम्ही दोघंही समोरच्या आरशात बाबांचे डोळे दिसतात का ते बघायचो.

दादाला गाडी लागायची, हे मला फार उशिरा कळलं. त्याला वारा हवा होता, पण मळमळतं हे कबूल करायची लाज वाटायची. मला काय हवं होतं? खरं सांगू, मला खिडकी नको होती. ती दादाला मिळायला नको होती, आणि त्याहून जास्त म्हणजे बाबांनी चष्मा लावून माझा कागद वाचायला हवा होता. तो त्यांनी वाचला. अख्ख्या वर्षात त्यांनी इतकं लक्ष देऊन माझं काही वाचलं असेल तर तेवढंच. कोर्टात गेलं की न्यायमूर्ती आपल्याकडे बघतात, हे एकदा समजलं की कोण कोर्टाबाहेर मिटवेल?

तर माझं म्हणणं हे आहे. समान वाटणीचा ध्यास धरला की घरात कोर्ट बसतं आणि मुलं वकील होतात. बरोबरी जितकी काटेकोर, तितक्या पळवाटा जास्त.

समोरून चिठ्ठी आलीय. ‘सात मिनिटं.’ यांचं घड्याळ पुढे आहे, पण असो. झरझर सांगते.

न्यायाधीश होण्यात काय वाईट? १९८८ साली फेल्सन आणि रूसो यांनी भावंडांच्या मारामाऱ्यांचा अभ्यास छापला. आई-वडील सहसा थोरल्याला, ताकदवान असेल त्याला शिक्षा करतात. त्या घरांत मारामाऱ्या जास्त दिसल्या, कारण पाठीशी सरकार असल्यावर धाकटं कशाला मागे हटेल? म्हणून कानात बोळे घालून बसावं का? तेही नाही. नुसतं सोडून दिलं तर जो दांडगा तो जिंकतो आणि धाकटं हरायला शिकतं. मारहाण होत असेल, एकच मूल कायम भेदरलेलं असेल, तर ते भांडण म्हणून बघूच नका. मध्ये पडा.

बाकीच्या वेळी निकाल देऊ नका, मध्यस्थी करा. स्मिथ आणि रॉस यांनी २००७ मध्ये आयांना हे शिकवून पाहिलं. आधी नियम सांगायचे, म्हणजे एकानं बोलताना दुसऱ्यानं तोडायचं नाही. मग भांडण नेमकं कशावरून आहे ते दोघांच्या तोंडून काढायचं. मग दादाला मळमळतं हे मला, आणि मला काय वाटतं ते दादाला कळू द्यायचं. शेवटी तोडगा मुलांनीच काढायचा. कसा निघाला यावर तुम्ही मत द्यायचं नाही, हा सगळ्यात अवघड भाग. या मुलांची भांडणं जास्त समजुतीनं मिटली आणि ती एकमेकांची बाजू जास्त नीट सांगू लागली. ‘कोणी सुरू केलं?’ हा प्रश्न या चारांत कुठेच नाही. तो घरातून हद्दपार करा, उत्तर तसंही कधी मिळत नाही.

आणि वेगळी वागणूक म्हणजे अन्याय, असं मुलांना वाटतंच असं नाही. कोवाल आणि क्रेमर यांनी १९९७ मध्ये अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं. आई-वडील भावंडाशी वेगळं वागतात अशी जी उदाहरणं मुलांनी दिली, त्यांतली तीन-चतुर्थांश त्यांना अन्यायाची वाटली नव्हती. ‘ती लहान आहे’, ‘त्याला अभ्यासात मदत लागते’, ही कारणं मुलांना कळतात. सांगितली तर.

आता आकडा. एकुलतं एक म्हणजे बिघडलेलं, हा समज १८९६ साली अमेरिकेत बोहॅनन यांनी प्रश्नावल्या धाडून पक्का केला, आणि त्यांचे गुरू, मानसशास्त्रज्ञ स्टॅनली हॉल यांनी त्याला वजन दिलं. फाल्बो आणि पोलिट यांनी १९८६ मध्ये ११५ अभ्यास एकत्र तपासले. एकुलती मुलं स्वभावानं, मिळून-मिसळून वागण्यात इतरांसारखीच निघाली, आई-वडिलांशी नातं तर किंचित सरस. म्हणजे ‘पहिल्याला वळण लागावं म्हणून दुसरं’ या कारणाला आधार नाही. उलट बाजूनं, ‘जास्त मुलं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कमी, म्हणून शिक्षणात मागे’ हेही वाटतं तितकं सरळ नाही. नॉर्वेतल्या माहितीवर २००५ मध्ये ब्लॅक, डेव्हेरो आणि साल्व्हानेस यांनी दाखवलं की जन्मक्रम लक्षात घेतला तर कुटुंबाच्या आकाराचा शिक्षणावरचा परिणाम जवळजवळ उरत नाही. नॉर्वेचंच २००७ चं एक काम मला फार आवडतं. थोरलं भावंड लहानपणीच वारलं, म्हणून थोरलं होऊन वाढलेल्या धाकट्यांचे बुद्धिमापनाचे गुण थोरल्यांसारखे होते. म्हणजे फरक गर्भात पडत नाही, घरात पडतो. यावर खरं तर वेगळा तास हवा.

मग ठरवायचं कशावर? तुम्हा दोघांना आणखी एक मूल वाढवायचंय का, यावर. रात्री उठणार कोण, कोणाच्या नोकरीला खीळ बसणार, आईची तब्येत काय म्हणते, यावर. मूल हे दुसऱ्या मुलासाठी आणलेली वस्तू नव्हे. सोबत होईलही, पण ती हमी नाही. दोघांपैकी एकाला हवं आणि एकाला नको असेल तर नको म्हणणाऱ्याचं आधी ऐका, असं मी सांगते. हे माझं मत आहे, कुठल्या अभ्यासाचं नाही.

अंतर किती? जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्याआधी निदान चोवीस महिने जाऊ द्यावेत. तो आईच्या आणि बाळाच्या तब्येतीसाठी आहे. अमुक अंतर ठेवलं की भांडणं होत नाहीत, असं अंतर कोणाला सापडलेलं नाही. दुसरं येणारच असेल तर मानसशास्त्रज्ञ जूडी डन यांनी केंब्रिजमध्ये केलेलं काम ध्यानात ठेवा. त्यांनी चाळीस घरांत दुसऱ्या बाळाच्या आधी आणि नंतर जाऊन बघितलं. ज्या आया थोरल्याशी बाळाबद्दल माणसासारखं बोलत, ‘ते का रडतंय, भूक लागली असेल का, तुला काय वाटतं?’ असं विचारत, त्यांच्याकडे थोरलं बाळाशी जास्त मायेनं वागलं, आणि हा फरक वर्षभरानंतरही दिसत होता. थोरल्याचं मत विचारायला पैसे पडत नाहीत. त्याचं मत ‘परत देऊन या’ असं असलं तरी विचारा. (हशा)

मागून कोणीतरी विचारतंय, ‘आणि तिसरं?’ चिठ्ठी पुन्हा आलीय, त्यामुळे तिसऱ्याचं बोलता येणार नाही. त्यासाठी पुढच्या वेळी मधल्यांपैकी कोणाला तरी बोलवा. मघाशी हात वर करणारे तिघं-चौघं आहेत, त्यांना कधीपासून बोलायचंय.