बॅरलची परीक्षा, ५० मीटरवरून

(दृश्य: दोन लक्ष्यपत्रं शेजारीशेजारी. कॅमेरा छिद्रांच्या अगदी जवळ.)

५० मीटरच्या लक्ष्यपत्रावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. .२२ इंची रायफलची गोळी साधारण ५.६ मिलिमीटर जाड. डावीकडच्या कागदावर अशा पाच गोळ्या लागल्या आहेत आणि पाचही छिद्रं एकमेकांत मिसळून एकच फाटकं भोक झालंय. उजवीकडेही पाचच आहेत, पण एकेक बोट ठेवून मोजता येतील इतकी सुटी. कुणीही म्हणेल, डावीकडचं बॅरल, म्हणजे रायफलची नळी, सरस.

दोन्ही कागद एकाच बॅरलचे आहेत. काडतुसं एकाच डब्यातली. रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे पक्क्या शिकंजात, जशी आवळली होती तशीच आहे. मध्ये फक्त कागद बदलला.

(दृश्य: कॅलिपरनं दोन छिद्रांमधलं अंतर मोजणारे हात.)

रेंजवर ज्याला ‘ग्रुप’ म्हणतात, तो म्हणजे सगळ्यात लांब पडलेल्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर. मोजायला सोपं, सांगायला सोपं. पण पाच छिद्रांपैकी हे माप ऐकतं फक्त दोघांचं, तेही सगळ्यात भरकटलेल्या दोघांचं. उरलेली तीन वाया गेली. शिवाय गोळ्या वाढवल्या की ग्रुप वाढणारच. पाचाऐवजी दहा झाडल्या तर त्याच बॅरलचा ग्रुप सरासरीनं जवळपास पाव पट मोठा येतो. आणि दोन बॅरलं अगदी तोडीस तोड असली, तरी प्रत्येकी एकेका ग्रुपमध्ये दीडपट फरक सहज पडतो. एकेक कागद बघून बॅरल निवडणं म्हणजे नाणेफेक. पाकिटात जपून ठेवलेला तो एक सुंदर ग्रुप मीही अभिमानानं दाखवलेला आहे. त्यानं बॅरलबद्दल फार थोडं सिद्ध होतं.

म्हणून आम्ही इथे प्रत्येक बॅरलचे अनेक ग्रुप झाडतो, सगळी छिद्रं एकाच कागदावर उतरवतो, त्यांचा मध्य काढतो आणि प्रत्येक छिद्र त्या मध्यापासून किती दूर पडलं याची सरासरी घेतो. यात प्रत्येक गोळीला मत असतं.

(दृश्य: टेबलावर तीन बॅरलं. एकातून आरपार दिसणारा प्रकाश, वळत जाणाऱ्या खाचा.)

बाहेरून तिन्ही सारखी. आत मात्र खाचा पाडायची प्रत्येकाची रीत वेगळी. पहिल्यात एकच पातं शेकडो वेळा ओढून, दर वेळी पोलादाचा जेमतेम एक पदर खरवडून खाचा कोरल्या आहेत. दुसऱ्यातून कार्बाइडचं कठीण बटण एकदाच दाबून नेलंय, खाचा दाबानं उमटल्या. तिसरं घडीव: आत मँड्रेल, म्हणजे खाचांचा उलटा ठसा असलेला कठीण दांडा, ठेवून बाहेरून हातोड्यांनी ठोकलेलं. कोणती रीत श्रेष्ठ यावर वाद घालणारे रात्र काढतील. माझ्या मते प्रश्न रीतीचा कमी आणि एकसारखेपणाचा जास्त आहे.

तो हाताला कळतो. मऊ शिशाचा गोळा मागच्या टोकातून आत बसवायचा आणि सळईनं सावकाश पुढे ढकलायचा. चांगल्या बॅरलमध्ये सळई एकाच जोरानं सरकत राहते आणि तोंडाजवळ किंचित घट्ट होते. वाईट बॅरलमध्ये मध्येच ती सैल पडते, हातातला ताण क्षणभर नाहीसा होतो. गोळीचंही तिथे तेच होतं: पकड सुटते, आणि सुटलेली पकड पुढे पुन्हा नीट बसत नाही. कारागीर हेच दोष शोधत शिशाच्या लॅपला, म्हणजे आत घट्ट बसणाऱ्या घासायच्या गोळ्याला, बारीक पॉलिशची पेस्ट लावून बॅरल आतून हातानं घासतात.

(दृश्य: संथ गतीत फिरणारी गोळी.)

.२२ च्या बॅरलमध्ये खाचा साधारण १६ इंचांत एक वेढा घेतात. सेकंदाला ३२५ मीटर वेगानं बाहेर पडणारी गोळी त्यामुळे सेकंदाला ८०० वेळा स्वतःभोवती फिरते. वेढा किती घट्ट हवा, याचा ध्यास जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्यानं १८५० च्या दशकात घेतला. तेव्हाच्या एनफील्ड रायफलीत ७८ इंचांत एक वेढा होता. व्हिटवर्थनं षटकोनी बोअर, म्हणजे नळीची आतली पोकळी, घेतलं आणि वेढा २० इंचांवर आणला. आणि तपासायला त्यानं मँचेस्टरला आपल्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त गॅलरी उभारली, जिथे वाऱ्याचा शिरकाव नाही. वाटेत पातळ कागदाचे पडदे, गोळी कुठून कशी गेली ते दाखवणारे.

२ जुलै १८६० रोजी विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियानं त्याची रायफल झाडली. रायफल घट्ट बसवलेली होती, राणीनं फक्त रेशमी दोरी ओढली. ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. दृश्य देखणंच असणार. पण गोळी एकच होती, आणि एका गोळीवरून बॅरलची पारख होत नाही. व्हिटवर्थचा खरा पुरावा त्या गॅलरीतल्या कागदांवर होता.

(दृश्य: बॅरलचं तोंड, भिंगातून.)

आता तोंडाकडे या. या कडेला ‘क्राउन’ म्हणतात. गोळीला शेवटचा स्पर्श हिचा. फ्रँकलिन मान नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं वर्षानुवर्षं प्रयोग करून १९०९ मध्ये निष्कर्ष छापले. त्यानं काही गोळ्यांची टोकं मुद्दाम बिघडवली, काहींचे बूड. टोक बिघडलेल्या गोळ्या फारशा भरकटल्या नाहीत. बूड बिघडलेल्या मात्र दूर गेल्या. कारण गोळीचा बूड तोंडातून सुटतो, त्या क्षणी मागचा वायू चहूबाजूंनी सारखा निसटायला हवा. क्राउनला एका बाजूला बारीकशी खोच पडली, तरी वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला कलवून जातो. बॅरल पुढच्या टोकाकडून साफ करणाऱ्यांनी सळई त्या कडेवर किती वेळा घासली ते आठवून बघावं.

लांबीबद्दल एवढंच: लांब बॅरल म्हणजे अचूक बॅरल नव्हे. जाडीचा फरक मोठा. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. भरीव दांडा दहा टक्के जाड केला तर तो जवळपास दीडपट ताठ होतो.

(दृश्य: काडतुसांचे डबे, प्रत्येकावरचा लॉट नंबर, म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक.)

तुलनेत सर्वांत मोठा अन्याय होतो तो इथे. एकच डबा घेऊन तिन्ही बॅरलं झाडली की वाटतं, सगळ्यांना समान संधी दिली. तसं नसतं. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं काडतूस, पण लॉट बदलला की ते एका बॅरलला मानवतं आणि दुसऱ्याला नाही. .२२ ची काडतुसं नेमबाज घरी भरू शकत नाही, त्यामुळे जुळणारा लॉट शोधण्यावाचून पर्याय नाही. मोठे स्पर्धक म्हणूनच उत्पादकांच्या चाचणी-बोगद्यात आपली रायफल घेऊन जातात, लॉटमागून लॉट झाडतात आणि जुळला की हजारोंनी विकत घेतात. लॉट बदलल्यावर लगेच नोंद घ्यायची नाही, हेही महत्त्वाचं. आधीच्या गोळ्यांवरचं मेण खाचांमध्ये बसलेलं असतं. पहिल्या दहा-पंधरा गोळ्या नव्या मेणाचा थर बसवण्यात जातात. त्या कागदाबाहेर ठेवायच्या.

मग क्रम. पहिलं, दुसरं, तिसरं. पुढच्या फेरीत तिसरं, दुसरं, पहिलं. नाहीतर सकाळचा गारवा एकाच्या वाट्याला येतो आणि दुपारची ऊब दुसऱ्याच्या. स्क्रू टॉर्क रेंचनं दर वेळी तेवढेच आवळायचे. आणि वारा? सेकंदाला फक्त एक मीटरची आडवी झुळूक .२२ ची गोळी ५० मीटरवर पाच-सात मिलिमीटर सरकवते. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ५.२. गालाला जेमतेम जाणवणारी ती झुळूक मोकळ्या मैदानात बॅरलच्या माथी मारली जाते.

(दृश्य: व्हाइस सुटतो. रायफल स्टॉकमध्ये, म्हणजे खांद्याला टेकवायच्या दस्त्यात. नेमबाज आडवा होतो.)

व्हाइसमधले आकडे नेमबाजाला जसेच्या तसे मिळत नाहीत. स्टॉक, खांदा, श्वास, ट्रिगरवरचं बोट, सगळं त्यात मिसळतं. पण व्हाइसमध्ये जे बॅरल विखुरतं, ते खांद्यावर सावरत नाही.

(दृश्य: तिन्ही बॅरलांचे कागद एका काचेवर, खालून प्रकाश.)

सकाळी शेवटच्या क्रमांकाचं ठरवलेल्या तिसऱ्या बॅरलचा ग्रुप चौथ्या लॉटवर लहान होत आलाय. कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लॉटचा नंबर लिहिलाय, त्याखाली दोन रेघा. व्हाइस पुन्हा आवळला जातो. त्याच लॉटची आणखी पन्नास काडतुसं टेबलावर मोजून ठेवली आहेत.