शेवटच्या नळाचं पाणी: शाळेतले जलप्रकल्प आणि शास्त्रज्ञांचं काम

(विज्ञान शिक्षक आणि पाणी-गुणवत्तेवर काम करणाऱ्या तरुण संशोधकांपुढे तालुक्याच्या ठिकाणी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि प्रयोगशाळेतून इथवर आलेल्या तरुण मित्रांनो,

विज्ञान प्रदर्शनात पाण्याचे प्रकल्प दरवर्षी असतात, आणि बहुतेक एकाच साच्यातले असतात. थर्माकोलचा डोंगर, निळी रंगवलेली नदी, बाटलीत वाळू, कोळसा आणि गोटे भरून केलेली गाळणी. मुलं पाठ केलेलं धडाधडा सांगतात. पण "तुझ्या घरच्या नळाला आज सकाळी क्लोरीन किती होता?" असं विचारलं की गप्प होतात. दोष त्यांचा नाही. मोजायचं साधन त्यांच्या हाती कुणी दिलेलं नसतं. दिलंच, तर त्या साधनावर कुठे विसंबायचं आणि कुठे नाही, हे सांगायला कुणी नसतं. पाण्यावर संशोधन करणाऱ्यांनी शाळेत यायचं ते याच कामासाठी. पोस्टर लिहून द्यायला किंवा उद्घाटनाच्या खुर्चीवर बसायला यायची गरज नाही. मुलाच्या वहीतला आकडा मुलानेच काढलेला असावा आणि तो खरा असावा, एवढी जबाबदारी आपण घेतली तरी पुष्कळ झालं.

सुरुवात प्रश्नापासून करू. "आमच्या गावातील पाण्याचा अभ्यास" हा प्रश्न होत नाही. त्यात कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं तेच कळत नाही. बाल विज्ञान काँग्रेस 1993 पासून भरते आहे. तिथे 10 ते 17 वयाच्या मुलांकडून आपल्याच परिसरातला प्रश्न आपणच मोजून सोडवावा अशी अपेक्षा असते. म्हणून प्रश्न एका ओळीत मावेल इतका लहान करा. उदाहरणार्थ, पाण्याच्या टाकीत टाकलेला क्लोरीन गावातल्या शेवटच्या नळापर्यंत पोचतो का?

आमच्या मते ग्रामीण शाळेसाठी याहून चांगला प्रकल्प क्वचितच सापडेल. खर्च कमी, धोका कमी, आणि उत्तर गावाच्या लगेच कामाचं. टाकी, टाकीजवळचा नळ, मधले दोन आणि शेवटचा, अशी पाच ठिकाणं ठरवा. नळ येतात त्या वेळी प्रत्येक ठिकाणी दोनदा मोजा: पाणी सुरू होताच एकदा, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा. दोन्ही आकड्यांत मोठा फरक पडला तर त्याला अर्थ आहे. आपल्याकडे पाणी दिवसातून थोडा वेळ, कुठे दिवसाआड येतं. मधल्या काळात पाइप रिकामा असतो, आणि नालीतून गेलेल्या पाइपला भेग असेल तर तिथून घाण आत ओढली जाते. पहिलं पाणी हीच घाण घेऊन येतं आणि क्लोरीन तिच्यावरच खर्च होतो. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन, म्हणजे घाणीवर खर्च न होता शिल्लक राहिलेला क्लोरीन, उरायला हवा.

क्लोरीन मोजायला गावोगावी ओटीची, म्हणजे ऑर्थोटोलिडीनची, चाचणी रूढ आहे. पण हे रसायन आरोग्याला घातक आहे, मुलांच्या हाती देऊ नका. डीपीडीच्या गोळ्या वापरा, क्लोरीन असेल तर त्यांनी पाणी गुलाबी होतं. नळी आधी त्याच पाण्याने विसळा, खुणेपर्यंत भरा, गोळी बोट न लावता टाका, हलवा आणि एका मिनिटाच्या आत गुलाबी रंग तक्त्याशी ताडा. रंग सावलीत, पांढऱ्या कागदापुढे धरून पाहायचा. पाणी घरी नेऊन संध्याकाळी तपासलं तर आकडा शून्य येईल, कारण क्लोरीन उन्हात आणि उघड्यावर टिकत नाही. आणखी एक फसगत इथे हमखास होते. क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उमटतो आणि लगेच उडून जातो, आणि मूल "शून्य" लिहून मोकळं होतं. टाकीजवळ शून्य आणि पुढच्या नळाला 1 असं दिसलं तर टाकीचं पाणी क्लोरीन नसलेल्या पाण्यात दहापट पातळ करून पुन्हा तपासा आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणा.

याच प्रकल्पात टीसीएल पावडरचं, म्हणजे टाकीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरचं, गणित येतं. ताज्या पावडरमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. 1000 लिटरला 2.5 ग्रॅम टाकली तर लिटरमागे 0.8 मिलिग्रॅमच्या आसपास मिळतो. 50,000 लिटरच्या टाकीला 125 ग्रॅम लागली. पण पोतं तोंड उघडं ठेवून दमट खोलीत पडलं असेल आणि ताकद 15 टक्क्यांवर आली असेल, तर तेवढ्याच पावडरीतून 0.4 सुद्धा मिळत नाही, आणि पाइपलाइन तो वाटेतच खाऊन टाकते. हे गणित आठवीच्या मुलाला येतं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सोबत घेऊन केलं तर त्याचंही काम सोपं होतं.

आता हापशी. हातपंपाचा नमुना घेताना सगळ्यात जास्त घाई होते. पाइपात रात्रभर उभं असलेलं पाणी भूजल कसं आहे ते सांगत नाही, त्यात पाइपचा गंज असतो. 32 मिलिमीटर व्यासाच्या 30 मीटर पाइपात सुमारे 24 लिटर पाणी मावतं. इंडिया मार्क दोन पंप मिनिटाला साधारण 12 लिटर देतो. म्हणजे पाइपातलं पाणी एकदा बदलायला दोन मिनिटं लागतात. खात्रीसाठी पाच मिनिटं हापसा, ते पाणी गुंडात भरून कुणाला तरी द्या, आणि मग बाटली भरा. फ्लोराइडसाठी प्लास्टिकची बाटली घ्यायची, काचेची नाही. बाटलीवर गाव, पंप, तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे लिहा. झाकणावर लिहू नका, झाकणं बदलतात.

फ्लोराइडवर थोडं जास्त बोलायला हवं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा परिसरात, तसंच चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत हा प्रश्न जुना आहे. तो कारखान्यातून आलेला नाही, खडकातून आलेला आहे. पाणी खडकात फार काळ मुरलं, त्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त झालं की फ्लोराइड विरघळून राहतं. म्हणून एकाच गावात उथळ विहीर चांगली आणि खोल बोअर वाईट, असं घडतं. मानकाची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5.

फ्लोराइड तपासायच्या किटमध्ये रंग बदलतो आणि तो तक्त्याशी जुळवायचा असतो. तक्ता 0.5 च्या टप्प्यांचा असेल तर वहीत "1.27" असं लिहिता येत नाही, "1 ते 1.5 च्या दरम्यान" असंच लिहायचं. परीक्षकांना असं प्रामाणिकपणे लिहिणारं मूल ताबडतोब ओळखू येतं. किटची परीक्षा आधी घ्या, हे शास्त्रज्ञांचं काम. 221 मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवलं की लिटरला 100 मिलिग्रॅमचं द्रावण होतं. त्यातून 0.5, 1.5 आणि 3 ची द्रावणं करा, बाटल्यांवर फक्त क, ख, ग लिहा आणि मुलांना मोजायला द्या. पूड विषारी आहे, ती प्रयोगशाळेतच राहू द्या, शाळेत पातळ द्रावणच न्या. उत्तरं जुळली तर पुढचे आकडे धरायचे. नाही जुळली तर किटची मुदत, नळीची स्वच्छता आणि पाहणाऱ्याचा डोळा, या क्रमाने तपासत जायचं.

बरीच मुलं पुढे जाऊन तुरटीने फ्लोराइड काढून दाखवतात. कल्पना उत्तम आहे. नागपूरच्या नीरीने विकसित केलेलं नालगोंडा तंत्र याच तत्त्वावर चालतं: तुरटी, चुना आणि टीसीएल. लिटरला 100 ग्रॅम तुरटीचं द्रावण करा. एक-एक लिटर पाण्याच्या पाच बाटल्यांत ते 0, 2.5, 5, 7.5 आणि 10 मिलिलिटर टाका. मिनिटभर जोरात, मग पंधरा मिनिटं हळू ढवळा आणि तासभर निवळू द्या. वरचं पाणी गाळून तपासलं की किटवर फ्लोराइड जवळपास शून्य दिसतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. नेमकं इथेच थांबायला हवं. तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यात थोडं जरी उरलं तरी ते फ्लोराइडला धरून ठेवतं. किटचं रसायन त्या फ्लोराइडपर्यंत पोचत नाही, आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. फ्लोराइड पाण्यातच असतं, किटला ते दिसत नाही. मुलांना हे सांगू नका, करून पाहू द्या: 1.5 च्या ओळखीच्या 100 मिलिलिटर द्रावणात तुरटीच्या पाण्याचा एक थेंब टाकून लगेच मोजायला लावा. काही गाळलेलं नाही, काही काढलेलं नाही, तरी आकडा खाली आला, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं की पुढे आयुष्यभर ती कुठल्याही "जादुई" फिल्टरची जाहिरात सावधपणे वाचतील. खरा निकाल हवा असेल तर प्रक्रियेआधीचा आणि नंतरचा नमुना प्रयोगशाळेत आयन इलेक्ट्रोडवर, म्हणजे थेट फ्लोराइड मोजणाऱ्या उपकरणावर, तपासून द्या. तिथे नमुन्यात मिसळायचं बफर द्रावण ॲल्युमिनियमपासून फ्लोराइड सोडवून घेतं. हे शाळेला स्वतःच्या बळावर जमणारं नाही, म्हणून संशोधकांनी ते आनंदाने करावं.

नाइट्रेटबद्दल एकच सांगतो. लिटरला 45 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे ती नाइट्रेटची. तपासणीच्या काही पट्ट्या आकडा नायट्रोजनमध्ये देतात. तो 4.43 ने गुणायचा. पट्टीवर 20 दिसलं म्हणजे खरं जवळपास 89 झालं, आणि हे विसरलं तर गोठ्याजवळची एखादी दूषित विहीर "सुरक्षित" ठरून बसते.

गावात प्रयोग दाखवायचा असेल तर हा दाखवा. आरओ यंत्र विकणारे घरी येतात, दोन ग्लासांत वीज सोडतात. नळाचं पाणी तपकिरी होतं, यंत्राचं स्वच्छ राहतं, आणि बाई घाबरून पैसे मोजते. शाळेत हेच 9 व्होल्टची बॅटरी आणि दोन लोखंडी खिळ्यांनी करा, घरच्या विजेवर मुळीच नको. आधी नळाचं पाणी, मग आरओचं, मग त्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ. दहा-पंधरा मिनिटांत मिठाचं पाणीही तपकिरी होतं. रंग खिळ्याच्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, क्षार नसलेल्यातून फारशी वाहत नाही, इतकंच तो प्रयोग दाखवतो. मग टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, दाखवणारं मीटर काढा आणि मुलांनाच विचारा की याला जंतू दिसतात का, फ्लोराइड दिसतं का. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात टीडीएस हा खरंच मोठा प्रश्न आहे. पण 300 टीडीएसच्या पाण्यातही शेणाचे जंतू असू शकतात.

त्या जंतूंसाठी एचटूएसची (हायड्रोजन सल्फाइड चाचणीची) कुपी वापरतात. खुणेपर्यंत पाणी भरायचं, आत बोट लागू द्यायचं नाही, 24 ते 48 तास ठेवायचं. काळं झालं तर पाणी संशयित. ही चाचणी 30 ते 37 अंशांत चालते. प्रदर्शनं बहुधा डिसेंबर-जानेवारीत असतात, आणि तेव्हा विदर्भातल्या रात्री चांगल्याच थंड. कुपी खिडकीत ठेवली तर दूषित पाणीही काळं होत नाही. थर्माकोलच्या डब्यात पिवळा 40 वॅटचा बल्ब आणि थर्मामीटर लावून घ्या. उलट, बरेच दिवस बंद असलेल्या हापशीत गंधकाचे निरुपद्रवी जिवाणू कुपी काळी करू शकतात. म्हणून काळ्या कुपीचा निकाल प्रयोगशाळेत पक्का करायचा. वापरलेली कुपी टीसीएलच्या घट्ट पाण्यात अर्धा तास बुडवून मगच पुरा.

वेळापत्रकाचं शिक्षकांना खास सांगणं: पावसाळ्याआधीचा नमुना मे महिन्यातच मिळतो. सप्टेंबरमध्ये प्रकल्पाची आठवण झाली तर तुलनेचा अर्धा भाग हातचा गेलेला असतो. विद्यार्थ्यांच्या विज्ञान-कल्पनांसाठी असलेल्या इन्स्पायर-मानक योजनेचे 10,000 रुपये मिळाले तर त्यातून आधी डीपीडी आणि कुप्या घ्या, मॉडेलचा रंग नंतर.

शेवटी, निकाल गावात कसा न्यायचा. एका किटच्या एका आकड्यावरून ग्रामसभेत "ही हापशी विषारी" असं मुलाच्या तोंडून वदवू नका. त्याच ठिकाणचा दुसरा नमुना घ्या, तो भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या, सरपंच, जलसुरक्षक आणि आशाताईंना आधी सांगा. फ्लोराइडमुळे दातांवर डाग पडलेल्या मुलांना रांगेत उभं करून फोटो काढू नका, प्रदर्शनासाठीही नाही. बायांना नेमकं सांगा: पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की ते वाढतं. मर्यादा ओलांडणाऱ्या हापशीवर "पिण्यास अयोग्य" लिहून घ्या, पण ती बंद करायची मागणी करू नका. धुणं-भांड्यांना आणि गुरांच्या गोठ्याच्या सफाईला ते पाणी चालतं. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी गावातला जवळचा चांगला स्रोत कुठला, ते मुलांच्या वहीतल्या नकाशावर दाखवा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात दोन्ही ठिकाणं पुन्हा मोजा.