एकविसाव्या दिवशी हात आवरा

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी झाली, आमच्या पौडच्या बाजूला भातकापणी उरकली, आणि गेल्या आठ दिवसांत माझ्या खुराड्यातल्या दोन कोंबड्या खुडूक झाल्या, म्हणजे अंडी उबवायला बसू लागल्या. तुमच्याकडेही झाल्या असतील. पेंढ्यात अंग पसरून बसायचं, हात नेला की पिसं फुलवून टोच मारायची, खाली उतरली की खुडुक-खुडुक करत फिरायचं. आज तिच्याविषयीच बोलणार आहे.

पुण्याच्या आसपास पोल्ट्रीच्या शेड पुष्कळ आहेत. त्यातली अंड्याची कोंबडी खुडूक होत नाही, कारण खुडूक कोंबडी अंडी देणं थांबवते, आणि माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिचा तो गुण काढून टाकला. तिथं पिल्लं काढायचं काम यंत्र करतं. आपल्या गावरान कोंबडीत मात्र तो गुण अजून शाबूत आहे, आणि ज्याच्या दारात पाच-दहा कोंबड्या आहेत त्याला याहून चांगलं यंत्र मिळणार नाही.

कोथरूडच्या एका ताईंनी मला विचारलं होतं, दुकानातली अंडी कोंबडीखाली ठेवली तर चालतील का? नाही चालणार. पोल्ट्रीच्या पिंजऱ्यात कोंबडा नसतो, त्यामुळे त्या अंड्यात जीव धरलेलाच नसतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा हवा. अंडी आठवड्याच्या आतली घ्या. फार मोठी, फार लहान, तडकलेली नकोत. मळकं अंडं धुऊ नका, कोरड्या फडक्यानं पुसा. साठवताना जाड टोक वर ठेवा, आणि एप्रिल-मेमध्ये, पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा, ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात ठेवा. नुसत्या उकाड्यानं अंड्यातला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मग मरतो. मी तर उन्हाळ्यात कोंबडी बसवतच नाही. आत्ताचे दिवस, माघापर्यंत, सर्वांत चांगले.

कोंबडी रात्री बसवा. दिवसा हलवली तर ती उठून जुन्या जागी पळते. अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात पाटी ठेवा, तळाला माती, वर पेंढा, आणि त्यात चुलीची चाळलेली राख. ही राख विसरू नका. बसलेल्या कोंबडीला धुळीत लोळायला सवड मिळत नाही, अंगावर उवा आणि बारीक किडे माजतात, आणि रात्रभर हे किडे रक्त प्यायला लागले की चांगली कोंबडीसुद्धा अठराव्या दिवशी अंडी सोडून उठते. मग आपण म्हणतो, कोंबडी वाईट निघाली. बसवण्याआधी पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी पिसं फुंकून बघा, किडे दिसतील.

दहा-बारा अंडी पुरे. ज्याच्यावर तिचं पोट टेकत नाही ते अंडं गार पडतं, आणि ती अंडी फिरवत असल्यानं रोज वेगळंच अंडं कडेला येतं. पंधरा ठेवली तर पंधराही बिघडू शकतात. प्रत्येक अंड्यावर कोळशानं खूण करा. दुसरी कोंबडी येऊन त्याच पाटीत अंडं घालते, आणि खूण नसली की ताजं कुठलं ते कळत नाही.

दिवसातून एकदा ती उठते, पंधरा-वीस मिनिटांत परतते. त्या वेळी बाजरी, मका, पाणी जवळ असू द्या. काही कोंबड्या उठतच नाहीत, वाळून काटकी होतात. अशीला पंखाखाली हात घालून अलगद उचला, पंखात अंडं अडकलेलं नाही ना ते बघा आणि दाण्यापाशी ठेवा.

सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर अंडी धरून बघा. जीव धरलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. जे नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसतं ते काढून टाका. नाहीतर ते सडतं, फुटतं आणि घाण बाकीच्या अंड्यांना लागते.

आता एकविसावा, म्हणजे पिल्लं बाहेर यायचा दिवस. इथं मला थोडं थांबायचं आहे. लग्नानंतर पहिल्यांदा मी स्वतः कोंबडी बसवली, तेव्हा एका अंड्याला सकाळी टोच पडली. आतून चिवचिव ऐकू येत होती. दुपार झाली, संध्याकाळ झाली, पिल्लू काही बाहेर येईना. मला बघवेना. मी नखानं टरफल सोलायला घेतलं. आतल्या पातळ पडद्यातून रक्त आलं, आणि ते पिल्लू माझ्या तळहातावर गेलं. सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, ते आतमध्ये जेवत होतं."

आत्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, हे मला पुढं पशुवैद्यकाच्या डॉक्टरांनी समजावलं. पिल्लू आधी जाड टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं. मग टरफलाला टोच पाडतं आणि थांबतं, कधी बारा तास, कधी पूर्ण दिवस. त्या वेळात उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला जातो आणि पडद्याच्या शिरांतलं रक्त अंगात परततं. ते झालं की ते गोल फिरत टरफल कापतं आणि बाहेर पडतं. मध्येच सोललं तर तेच रक्त वाहून जातं. म्हणून टोच पडल्यापासून एक पूर्ण दिवस हात लावू नका. पाटीवरची कोंबडीही उचलू नका.

तोच बलक पिल्लाला पुढं दोन दिवस पुरतो. उशिराच्या पिल्लांसाठी कोंबडी बसून राहते ती त्याच्याच भरवशावर. मात्र कधी कधी चार पिल्लं घेऊन ती आधीच उठते. तसं झालं तर वाळलेली पिल्लं उबदार खोक्यात काढून घ्या, तिला पुन्हा बसू द्या आणि रात्री पिल्लं तिच्या पोटाखाली सोडा. पहिल्या खेपेची तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, पिल्लांना टोचत असेल तरी हाच रात्रीचा उपाय करा. तरी टोचते असं दिसलं तर पिल्लं बल्बखाली वाढवा. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवतात तेव्हा थंडी वाजते, कडेला पळतात तेव्हा उकडतं. खाली गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात. गोणपाट घाला.

मुंग्यांचं सांगायचं राहिलं. अंडं फुटलं की वासानं मुंग्या येतात आणि ओलं पिल्लू एका रात्रीत खातात. पाटी स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. पिल्लांच्या पाण्याच्या ताटलीत खडे टाका, म्हणजे बुडणार नाहीत. नुसत्या कणीवर पिल्लं पोसत नाहीत, सोबत पिल्लांचं खाद्य द्या. पावसाळ्यात मुळशी-वेल्ह्याकडे पिल्लांखाली अंथरलेलं तूस ओलं राहिलं की रक्ती हगवण लागते, तेव्हा तूस वरचेवर बदला आणि विष्ठेत रक्त दिसताच डॉक्टर गाठा.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लस पहिल्या आठवड्यातच, डोळ्यात थेंब घालून. या लशी आपल्या पुण्यातच, औंधच्या सरकारी संस्थेत तयार होतात. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची लस असते, म्हणून वाडीतल्या चार घरांनी मिळून आणा, बर्फातून आणा.

ज्यांना पिल्लं नकोत त्यांनी खुडूक कोंबडीच्या नाकात पीस खुपसू नये, तिला पाण्यात बुचकळू नये. फार हाल होतात तिचे. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, दाणापाणी देऊन, तीन-चार दिवस ठेवा. पोटाला गारवा लागला की तिचं खुडूकपण आपोआप उतरतं.

आणि जिनं पिल्लं काढली ती साधारण दोन महिन्यांनी पिल्लांना टोचून दूर करायला लागते, तुरा पुन्हा लाल होतो. तेव्हा पिल्लं वेगळ्या खुराड्यात हलवा. तिची पुढची अंडी दारात यायची वेळ झालेली असते. नमस्कार.