दुर्बिणीचा पैसा आणि दुर्बिणीमागची माणसे

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. सप्टेंबर १८५९ मध्ये पृथ्वीवर प्रचंड सौर वादळ, म्हणजे सूर्यावरून उसळलेला आणि पृथ्वीचे चुंबकत्व ढवळून काढणारा विद्युतभारित कणांचा लोट, आदळले, तेव्हा तेथील निरीक्षकांनी चुंबकमापकाच्या ज्या नोंदी टिपून ठेवल्या, त्यांच्याच आधारे आजचे संशोधक त्या वादळाची तीव्रता ठरवतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विद्युतप्रवाहाने चुंबकीय मोजमाप बिघडणार म्हटल्यावर १९०४ साली ही चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवण्यात आली, पण मोडीत काढली गेली नाहीत. विज्ञानाला सरकारी आश्रय हवा तो असा, पिढ्यान् पिढ्या टिकणारा.

आज निधीची वानवा आहे असे सरसकट म्हणता येणार नाही. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातील प्रचंड घडामोडींमुळे अवकाश-काळात उठणारे तरंग, टिपणाऱ्या वेधशाळेच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तत्त्वतः मान्यता मात्र २०१६ मधलीच होती. म्हणजे सात वर्षे कागदांत गेली. या वेधशाळेच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा उभ्या राहून गुरुत्वीय लहरी टिपू लागतील, तेव्हा तेथील लेसर, आरसे आणि निर्वात नलिका सांभाळणारे अनेक हात आज शाळेच्या बाकावर आहेत. यंत्राचा आराखडा मंजूर करतानाच या मुलांचाही विचार व्हायला हवा.

मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र खगोलशास्त्र ऑलिंपियाडची तयारी करून घेते. ऑगस्ट २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा मुंबईतच भरली आणि भारतीय संघाने चार सुवर्ण व एक रौप्य पदक मिळवले. अभिमान वाटावा असेच हे यश आहे; पण संघात जागा पाचच असतात. उरलेल्या हुशार मुलांनी कोणाकडे पाहायचे? किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना स्वतंत्र परीक्षा आणि मुलाखत घेऊन विज्ञानाची ओढ असलेली मुले हेरत असे. २०२२ मध्ये ती केंद्र सरकारच्या इन्स्पायर या विज्ञान शिष्यवृत्ती योजनेत विलीन झाली आणि तेथील शिष्यवृत्तीची वाट मुख्यतः बारावीच्या गुणांवरून जाते. माझ्या मते हा तोट्याचा व्यवहार झाला, कारण पाठांतरात मागे पडणारी, पण रात्रभर आकाशाकडे डोळे लावून बसणारी मुले त्या चाळणीतून गळून पडतात.

ऑलिंपियाडच्या निवडीची पहिली पायरी असलेली परीक्षा साधारणतः नोव्हेंबरमध्ये असते. आपल्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात तिचे केंद्र आहे का, याची चौकशी पालकांनी पावसाळ्यातच करावी. आणि नसेल, तर ते सुरू करण्याची विनंती मुख्याध्यापकांना लेखी द्यावी.