वारणाकाठचे दोन हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूर जिल्ह्याच्या उत्तरेला वारणा नदीची हद्द आहे. या नदीच्या अलीकडच्या काठावर, हातकणंगले तालुक्याच्या टोकाला एका लहानशा गावात माझे घर आहे, आणि तिथे पैसा कसा येतो नि कसा जातो याविषयी आज मी बोलणार आहे. आमच्याकडे आलेला पाहुणा चहूकडचा उभा ऊस पाहून "तुम्ही बागायतदार माणसं, तुम्हाला काय कमी?" असे हटकून म्हणतो. उसामुळे गावाची पत आहे हे खरेच. पण चूल पेटते ती म्हशीच्या जिवावर, हे त्या पाहुण्याला शिवारातून दिसत नाही.

आधी उसाचा हिशेब मांडतो. वाटण्या होत होत पुष्कळ घरांच्या वाट्याला आता वीस-तीस गुंठेच रान उरले आहे. समजा, तीस गुंठ्यांत जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागण केली, तर तो ऊस तुटायला पुढच्या वर्षाची अखेर किंवा त्यापुढचा जानेवारी उजाडतो, म्हणजे सोळा-अठरा महिने गेले. 2024-25 च्या हंगामाला केंद्र सरकारने 10.25 टक्के उताऱ्यासाठी, म्हणजे शंभर किलो उसातून तेवढे किलो साखर निघेल असे धरून, टनाला 3400 रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचाच असा किमान दर, ठरवली होती. आमच्या भागात उतारा त्याहून चांगला पडतो, म्हणून आकडा वाढतो. मात्र तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातूनच वजा होतो. हातात टनाला 3200 रुपये आले आणि रानातून 45 टन ऊस गेला असे धरले, तर 1 लाख 44 हजार रुपये होतात. नांगरट, सरी, बियाणे, खत, भांगलण, भरणी आणि पाणीपट्टी यांचे 64 हजार वजा केले की 80 हजार उरतात. अठरा महिन्यांत ते वाटून पाहावेत. महिन्याला साडेचार हजारही पडत नाहीत.

शिवाय हे पैसे हातात येतात तेही थेट नव्हे. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत बिल द्यावे आणि उशीर झाल्यास वर्षाला 15 टक्के व्याज द्यावे, असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. बिल जमा झाले, की गावच्या सोसायटीचे पीककर्ज आधी वळते होते. वेळेत फेडलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला आपल्या राज्यात व्याज लागत नाही, त्यामुळे या कपातीबद्दल कोणी फारशी कुरकुर करत नाही. खरी कुरकुर असते ती तोडीची. कारखान्याच्या तोडीच्या पाळीपत्रकात नाव वर असूनही तोडकऱ्यांची टोळी येत नाही, उसाला तुरा येतो, वजन घटू लागते आणि मग एकरामागे टोळीची 'खुशाली' आणि ट्रॅक्टरवाल्याची 'एंट्री', म्हणजे हातावर ठेवायचे वरचे पैसे, मोजल्यावर एका सकाळी कोयते फडात उतरतात. मी स्वतः गेल्या खेपेस ती मोजली आहे. कोणाला मोजली ते सांगत नाही, आणि पावती तर मिळतच नाही. तोडणारे लोक मराठवाड्यातून मजुरीची आगाऊ उचल घेऊन आलेले असतात, त्यांची ओढाताण आमच्याहून मोठी असते, म्हणून त्यांच्याशी भांडायलाही जीभ वळत नाही.

ज्या दिवशी फडात कोयता लागतो, त्या दिवशी बांधावर बायकांची गर्दी होते, कारण वाढे, म्हणजे जनावरांना घालायचा उसाचा हिरवा शेंडा, तिथेच मिळते. तोडकरी वाढ्याच्या पेंढ्या बांधून विकतात. त्या डोक्यावरून, सायकलवरून, मोटारसायकलच्या मागे बांधून गोठ्यात जातात. तिथून निघालेले शेणखत पुन्हा त्याच सरीत जाते. उसाचा आणि म्हशीचा हा व्यवहार कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.

पहाटे सहाला डेअरीसमोर किटल्यांची रांग लागते. दुधाचे पुस्तक पुष्कळ घरांत बाईच्या नावावर आहे, आणि माप ओतताना मशीनवर लागलेला फॅटचा आकडा प्रत्येक जण आपल्याइतकाच दुसऱ्याचाही पाहत असतो. "वहिनी, सहा पॉइंट आठ लागलं? पेंड बदलली जणू," एवढ्या एका वाक्यात कौतुक असते, चौकशी असते आणि थोडा संशयही असतो. आठ लिटर दूध आणि लिटरला पन्नास रुपये धरले, तर दिवसाचे चारशे होतात. पेंड, भुसा आणि डॉक्टर यांत निम्मे गेले, तरी दहा दिवसांच्या बिलात दोन हजार उरतात. म्हैस भाकड असते तेव्हा हा हिशेब उलटा फिरतो हेही सांगायला हवे, म्हणून जमेल त्या घरात दोन म्हशी असतात आणि त्यांच्या वेती पुढेमागे ठेवलेल्या असतात. किराणा, शाळेची वही, लाईटबिल आणि लग्नाचा आहेर हे सारे या दहा दिवसांच्या बिलावर चालते. लग्न स्वतः मात्र उसावर ठरते.

2019 आणि 2021 च्या महापुरात हा फरक आम्ही डोळ्यांनी पाहिला. पाणी वाढू लागले तेव्हा म्हशींची दावी सोडून लोक त्यांना उंचावरच्या गावांकडे घेऊन गेले. ऊस मात्र होता तिथेच पाण्याखाली राहिला, शेंड्यात गाळ बसला आणि पाणी ओसरल्यावर पोंगे, म्हणजे वाढीचे कोंब, कुजले.

गावातली पोरे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला जातात, त्या पगाराने घरांची बांधणी बदलली आहे. तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

आमच्या शेजारच्या वहिनींनी गेल्या वर्षी उसाच्या उरलेल्या पैशांत कर्जाची भर घालून हरियाणाची मुऱ्हा म्हैस आणली. पहिले आठ दिवस ती आमच्या वाढ्याला तोंड लावत नव्हती, आणि वहिनींच्या हाकेला तर मानही वळवत नव्हती. आता किटलीचा आवाज झाला, की गोठ्यातून रेकते. तिचा हप्ता दर दहा दिवसांच्या बिलातून कापला जातो आहे. यंदाच्या उसाला अजून तोड आलेली नाही.

नमस्कार.