जत्रेतला चषक

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे गावची जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. १९५५ साली युरोपातल्या तिघा फुटबॉल पदाधिकाऱ्यांना असंच काहीसं सुचलं. स्वित्झर्लंडचे अर्न्स्ट टोमेन, इटलीचे ओत्तोरिनो बारासी आणि इंग्लंडचे स्टॅन्ली राउस. ज्या शहरांत मोठी व्यापारी प्रदर्शनं भरतात, त्या शहरांनी एकमेकांशी फुटबॉल खेळावं, आणि तेही प्रदर्शन भरलेलं असताना! स्पर्धेचं नाव इंटर-सिटीज फेअर्स कप. आपण तिला जत्राचषक म्हणू.

आता प्रदर्शनांच्या तारखा सांभाळत सामने लावायचे म्हणजे काय होणार? पहिली स्पर्धा सुरू झाली १९५५ मध्ये आणि संपली १९५८ मध्ये. तीन वर्षं! खेळली दहा शहरं. लंडनने तर एक क्लब न पाठवता अनेक क्लबांमधून वेचून संघ उभा केला. तरुण जिमी ग्रीव्ह्ज त्यात होता, आणि अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात त्याने गोलही केला. लंडनमध्ये २-२ अशी बरोबरी झाली. परतीच्या सामन्यात बार्सिलोनाने या वेचलेल्या संघाला ६-० असं लोळवलं. रोज एकत्र सराव करणारा संघ आणि गोळा केलेली माणसं यांतला फरक नव्वद मिनिटांत दिसला.

पुढे स्पर्धा दरवर्षी होऊ लागली, प्रदर्शनांचा संबंध नावापुरता उरला आणि लीगमधल्या क्रमांकावरून संघ निवडले जाऊ लागले. एक जुना नियम मात्र चिकटून राहिला: एका शहरातून एकच संघ. माझ्या मते या स्पर्धेतली सगळी गंमत त्या नियमात आहे.

१९६८ सालचं इंग्लंड बघा. न्यूकॅसल युनायटेड लीगमध्ये दहावा. दहाव्याला युरोपात कोण बोलावतं? पण लिव्हरपूल शहराची जागा तिथल्या वरच्या क्रमांकाच्या लिव्हरपूल क्लबला गेली, म्हणून त्याच शहरातला एव्हर्टन घरी. लंडनची जागा चेल्सीला, म्हणून टॉटनहॅम आणि आर्सेनल घरी. इतर काही संघ दुसऱ्या युरोपीय स्पर्धांत गेलेले. उरता उरता पाळी आली न्यूकॅसलची.

आणि ज्याच्यामुळे एव्हर्टन घरी बसला, तो लिव्हरपूल? पहिल्याच फेरीत अॅथलेटिक बिल्बाओशी दोन सामन्यांनंतर बरोबरी झाली आणि निकाल लागला नाणेफेकीवर. लिव्हरपूल बाद. तेव्हा पेनल्टी शूटआउट आलं नव्हतं, श्रोतेहो. एव्हर्टनच्या गल्लीत त्या रात्री काय बोललं गेलं असेल, त्याची कल्पना तुम्हीच करा.

न्यूकॅसल मात्र अंतिम फेरीत पोहोचला, हंगेरीच्या उइपेश्ट डोझासमोर. घरच्या मैदानावर ३-० असा विजय, त्यातले दोन गोल कर्णधार बॉबी मॉन्करचे. मॉन्कर बचाव फळीतला खेळाडू, बरं का! बुडापेस्टला मध्यंतरापर्यंत यजमान २-० ने पुढे होते. मध्यंतरानंतर पहिला गोल पुन्हा मॉन्करचाच. तो सामना ३-२, एकूण ६-२. दहावा संघ चषक घेऊन घरी परतला.

पुढे १९७१ मध्ये ही स्पर्धा बंद झाली आणि युरोपीय फुटबॉल महासंघ, म्हणजे यूएफाने, तिच्या जागी यूएफा कप सुरू केला. तोच आजचा युरोपा लीग. जुना करंडक कायमचा कुणाकडे ठेवायचा, यासाठी पहिला विजेता बार्सिलोना आणि शेवटचा विजेता लीड्स यांच्यात एक सामना झाला. बार्सिलोना २-१ ने जिंकला. यूएफाने मात्र जत्राचषकाची विजेतेपदं आपल्या खात्यात कधी धरली नाहीत. स्पर्धा आम्ही भरवलेली नव्हती, हे त्यांचं कारण. हिशोबाला ते चोख आहे, पण मॉन्करच्या तीन गोलांचं काय करायचं?

न्यूकॅसलकरांनी ते जपून ठेवले. ठेवावेच लागले, कारण पुढचा मोठा करंडक त्यांच्या हाती आला तो थेट मार्च २०२५ मध्ये.