जाहिरात कुणाची, मला माहीत नाही

दिवाळी अंकाचा संपादक श्रावणापासूनच लक्ष्मी रोडच्या दुकानांचे उंबरे झिजवायला लागतो. सराफाकडे चहा घ्यायचा, 'यंदा अर्धंच पान करा' हे ऐकून घ्यायचं. पण आपल्या मलपृष्ठावर कोण येणार हे त्याला ठाऊक असतं. मी आरत्या आणि सणावारांच्या पाककृतींची वेबसाइट चालवतो, आणि माझ्या पानावर आत्ता कुणाची जाहिरात आहे हे मला सांगता येणार नाही. तुमच्या फोनवर एक, शेजारच्या काकूंच्या फोनवर दुसरी.

पान उघडता उघडताच त्या जागेचा जाहिरातदारांमध्ये लिलाव होऊन जातो. मार्केट यार्डात लिलाव निदान डोळ्यांदेखत होतो, इथे हातात पडते ती फक्त हिशेबाची पट्टी. गूगलची अ‍ॅडसेन्स, म्हणजे वेबसाइटवर जाहिराती लावून देणारी सेवा, २००३ साली आली. मजकुराच्या पानांवर प्रकाशकाचा, म्हणजे वेबसाइटवाल्याचा, वाटा बरीच वर्षं सरळ ६८ टक्के होता. आता आधी खरेदीच्या बाजूची, म्हणजे जाहिरातदारासाठी जागा विकत घेणाऱ्या सेवेची, फी वजा होते आणि उरलेल्यातले ८० टक्के आपले. शेवटी हिशेब साधारण तेवढाच येतो, असं कंपनीचं म्हणणं. विक्रेत्याची वखार (वेबसाइटवाल्याच्या जागा सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि लिलावाचं आवार (जिथे त्या जागा विकल्या जातात) एकाच मालकाचं असेल तर काय होतं, हा प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला. या दोन्ही बाजारांत गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली, असा निकाल तिथल्या न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिला.

मराठी वाचकाचा भाव इंग्रजीच्या मानाने कमी, आणि जानेवारीत तर तोही पडतो. मग काय करतो आपण? जागा वाढवतो. मीही वाढवल्या. एका गणेश चतुर्थीला सदाशिव पेठेतून एका आजोबांचा फोन आला. "अहो, आरतीचं दुसरं कडवं चालू होतं आणि ओळी एकदम खाली सरकल्या. मध्ये गृहकर्ज! टाळ थांबले, सगळे माझ्याकडे बघतायत." जाहिरात उशिरा आली आणि तिने मजकूर खाली ढकलला. तिच्यासाठी जागा आधीच राखून ठेवायची असते. ती मी ठेवली नव्हती. चूक माझीच.

आणि घरची माणसं! माझी मावशी रोज दुपारी प्रेमाने प्रत्येक जाहिरातीवर बोट ठेवायची, 'तुला चार पैसे मिळू देत' म्हणून. असे क्लिक अवैध धरले जातात, पैसे कापले जातात, फार झाले तर खातंही बंद होतं. हे तिला समजवायला मला दोन रविवार लागले.

शेवटी मी संपादकांच्याच वाटेने गेलो. तुळशीबागेजवळच्या एका पूजासाहित्याच्या दुकानात. मी आकडे काढले तर मालक म्हणाले, "किती जणांनी पाहिलं ते राहू द्या. दुकानात किती येतील?" मला सांगता आलं नाही. तरी गणपतीचे दहा दिवस त्यांनी घेतले. लिलाव नाही, साधं एक चित्र, ठरलेली रक्कम. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन: "नंबरातला एक आकडा चुकलाय. लोक एका रिक्षावाल्याला कापूर विचारतायत." मी घाईघाईने दुरुस्त केलं.

पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा जाहिरात दिली. मजकूर मात्र स्वतः टाइप करून पाठवला.